मैदानातून उभी राहिलेली माणसं : तरुणांच्या संस्थांचा थोडा इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण परिषदा सांगतो, सत्याग्रह सांगतो, ठराव आणि निवडणुका सांगतो. ते बरोबरच आहे. पण ही कामं कोणत्या वयाच्या पोरांनी केली आणि मैदानावर काय घडलं, ही गोष्ट बहुधा राहून जाते. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत धम्मावर आणि चळवळीवर वडीलधारी मंडळी लिहितीलच. म्हणून आम्ही तरुणांच्या संस्थांविषयी लिहायचं ठरवलं.

याला कारणही तसंच आहे. पैनगंगेच्या काठचं आपलं देऊळघाट बुलढाण्यापासून फार लांब नाही. शिकलेली पोरं सकाळी शहराकडे जातात आणि संध्याकाळी परततात. काहींना काम मिळतं, काहींना मिळत नाही. ज्याला मिळत नाही तो चौकात उभा दिसला की आपण म्हणतो, "हा काही करत नाही." त्याच्या हाती आपण काय दिलं, हे मात्र कोणी विचारत नाही. १४ एप्रिल आली की वर्गणी, मंडप, रोषणाई, मिरवणूक हा सारा भार याच पोरांच्या अंगावर असतो आणि ती तो नीट पार पाडतात. जयंती आटोपली की किल्ल्या पुन्हा थोरामोठ्यांच्या खिशात जातात. चार दिवस जी पोरं शहाणी ठरतात ती उरलेलं वर्षभर बेजबाबदार कशी ठरतात, याचा विचार या निमित्ताने व्हावा असं आम्हाला वाटतं.

चळवळीचं वय

महाडचा सत्याग्रह १९ आणि २० मार्च १९२७ ला झाला. त्या परिषदेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते रामचंद्र बाबाजी मोरे १९०३ साली जन्मलेले, म्हणजे तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. खुद्द बाबासाहेबांनी छत्तिशी ओलांडली नव्हती. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. तो ज्यांनी चालवला ते दादासाहेब गायकवाड तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. फोटोत आपण त्यांना पोक्त वयातले पाहतो, म्हणून ते कायम तसेच होते असं वाटतं. खरं तर ती आजच्या भाषेत पोरंच होती.

याच काळात समता सैनिक दल उभं राहिलं. कवायत, शिस्त, रांगेत उभं राहणं, सभेचा बंदोबस्त, पाहुण्यांची व्यवस्था ही दलाची कामं होती. ज्यांना शतकानुशतकं वाकून चालायला लावलं होतं, त्यांच्या मुलांनी छाती काढून संचलन करायचं, हीच मुळात मोठी गोष्ट होती. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित परिषद भरली. त्याच वेळी समता सैनिक दलाची आणि महिलांचीही परिषद झाली. महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटला, तो सांभाळण्यासाठीही दलाचे सैनिक उभे होते. शरीर कमावणं आणि समाजाची सेवा करणं या दोन गोष्टी आपल्याकडे तेव्हापासून एकत्र आल्या आहेत.

चेंडू हातात आला तेव्हा

खेळाच्या मैदानावरची लढाई याच्याही आधीची आहे. पळवणकर बाळू चर्मकार समाजात १८७६ साली जन्मले. पुण्यात क्लबच्या मैदानाची देखभाल करायची, पट्टी साफ करायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे त्यांचं काम होतं. पगार महिना तीन-चार रुपये. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीपुढे भले भले फलंदाज चाचपडत. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घ्यावंच लागलं. पण मैदानावर एकाच चेंडूला हात लावणारे सहकारी चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळं बसवत आणि मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. तरीही कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली मिळालं, आणि तेही भावांनी आधी निषेध नोंदवल्यावर.

पुढे १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ च्या मुंबईच्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. हा मतभेद आम्ही झाकत नाही. पण मैदानावर त्यांनी जे सोसलं आणि जे मिळवलं ते त्यामुळे कमी होत नाही. खेळायला जागा मिळणं आणि नेतृत्व मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून कळतं. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

आपल्या वऱ्हाडातलंही उदाहरण आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. एका आखाड्यातून सुरुवात झाली आणि १९३६ साली मंडळाची पोरं बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आली. आखाड्यातून केवढी मोठी संस्था होऊ शकते, हे पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

नागपूरची फुटलेली बादली

अलीकडची गोष्ट नागपूरची. हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक असलेले विजय बारसे सर एकदा पावसात थांबले असता त्यांना झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. त्यांच्या लक्षात आलं की जेवढा वेळ ही पोरं खेळतात, तेवढा वेळ ती व्यसनापासून आणि भांडणापासून दूर राहतात. २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांचे सामने भरवले, तर तब्बल १२८ संघ आले. यातूनच क्रीडा विकास संस्था उभी राहिली. जगात ती 'स्लम सॉकर' या नावाने ओळखली जाते. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत संस्थेमार्फत भारताचे संघ जाऊ लागले. २०१० साली ही स्पर्धा ब्राझीलमध्ये रिओला झाली. लहान वयात वाईट वाटेला लागलेला नागपूरचाच अखिलेश पॉल त्या संघाचा कर्णधार होता. पुढे तोच दुसऱ्या पोरांना शिकवू लागला. २०१६ साली 'फिफा' या जागतिक फुटबॉल संघटनेने संस्थेला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा २०२२ चा सिनेमा याच कामावर आधारलेला आहे. आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिला असेल.

सिनेमात सरांचं काम मोठं दिसतं, आणि ते आहेच. पण आमच्या मते संस्थेचं खरं यश नंतरचं आहे. काल ज्याला शिकवलं तो आज शिकवणारा झाला. एकटे सर किती वस्त्यांना पुरले असते?

आंबेडकर नगरातला अठरा वर्षांचा पोरगा

मुंबईत कफ परेडला उंच इमारतींच्या पायथ्याशी आंबेडकर नगर ही वस्ती आहे. तिथला अशोक राठोड हा मुलगा आपल्या सोबत्यांना शाळा सोडून ससून गोदीत मासळीच्या कामाला जाताना पाहत होता. हाती पैसा आला की जुगार, व्यसन आणि लवकर लग्न, हेच चक्र चाललेलं. धाकटी पोरं त्याच वाटेने जाऊ नयेत म्हणून २००६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने अठरा पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. अट एकच, शाळेत जाल तरच खेळायला मिळेल. 'ऑस्कर फाउंडेशन' ही संस्था यातून उभी राहिली. या संस्थेत वस्तीतलीच मोठी मुलं-मुली प्रशिक्षण घेऊन धाकट्यांना खेळ शिकवतात आणि अभ्यासही घेतात. बाहेरून कोणी उद्धार करायला आलेला नाही. वस्तीतल्याच पोराने वस्तीतल्या पोरांसाठी हे काम उभं केलं.

साता समुद्रापलीकडेही हेच दिसतं. आफ्रिकेत केनियाची राजधानी नैरोबी इथे मथारे नावाची अफाट झोपडपट्टी आहे. १९८७ साली तिथे कॅनडाचे बॉब मनरो यांनी पोरांना घेऊन खेळाची संघटना सुरू केली. तिचा नियम ऐकण्यासारखा आहे. सामना जिंकला की गुण मिळतातच, पण संघाने वस्तीतली गटारं साफ केली, कचरा उचलला, तर त्याचेही गुण त्याच तक्त्यात मिळतात. म्हणजे झाडू न धरणारा संघ नुसता गोल करून पहिला येऊ शकत नाही. कारभार पोरं-पोरीच निवडणुकीने ठरवतात. याच पोरांमधून उभा राहिलेला 'मथारे युनायटेड' संघ २००८ साली केनियाची सर्वांत मोठी साखळी स्पर्धा जिंकला.

आपल्यासाठी काय?

या साऱ्या गोष्टींत काही बाबी सारख्या आहेत. पैसा कोणाकडेच नव्हता. एक चेंडू आणि मोकळी जागा एवढ्यावर सुरुवात झाली. खेळाला अट जोडली होती, कुठे शाळेची, कुठे सफाईची. आणि जो शिकला त्याच्यावर शिकवायची जबाबदारी टाकली गेली.

वडीलधाऱ्यांच्या शंकाही आम्ही ऐकल्या आहेत. "खेळाने अभ्यास बुडतो," असं कोणी म्हणतं. अट घातली नाही तर बुडेलही, म्हणून तर आंबेडकर नगरातला नियम ध्यानात ठेवायचा. "पोरांच्या हाती पैसा दिला तर हिशेब राहणार नाही," असंही म्हणतात. तर हिशेब लिहायला शिकवा, आणि तो पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर वाचायला लावा. "पोरी मैदानावर कशा जातील?" हा प्रश्न तर आपण विचारूच नये. १९४२ साली ज्या समाजाच्या बाया नागपुरात स्वतंत्र परिषद भरवत होत्या, त्यांच्या नातींना कबड्डीच्या मैदानावर जायला कोणाची परवानगी हवी?

कायद्याचीही फार अडचण नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसं एकत्र आली की संस्थेची नोंदणी करता येते. घटना लिहायची, पदाधिकारी ठरवायचे, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा. हे काम शिकलेल्या पोरांना जमण्यासारखं आहे. घटना लिहिणं, ठराव मांडणं, मत मोजणं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम बौद्ध भिक्खू संघाला ठाऊक होते. अडीच हजार वर्षांपूर्वी संघ जे करत होता, ते आपल्या वस्तीतलं मंडळ का करू शकणार नाही?

म्हणून आमची विनंती साधी आहे. विहाराच्या पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमात एक मैदान आणि एक किल्ली तरुणांच्या नावे असावी. सात जणांत निदान तीन मुली असाव्यात. संध्याकाळी तासभर खेळ, त्यानंतर विहारात तासभर अभ्यास, आणि रविवारी वस्तीची सफाई. चुकतील तिथे मोठ्यांनी समजावून सांगावं, पण किल्ली परत मागू नये. महाडला निघालेल्या चोवीस वर्षांच्या तरुणावर त्या काळच्या माणसांनी विश्वास टाकला होता. आपल्या पोरांवर आपणही तेवढा विश्वास टाकू या.

जय भीम!