घटस्फोट-मध्यस्थीचा खर्च

परस्परसंमतीने विभक्त होणाऱ्या पतिपत्नींमध्ये पोटगी, अपत्यांचा ताबा व स्त्रीधन यांबाबत तडजोड घडविणाऱ्या पद्धतींवर होणारा खर्च.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब १९७६ साली समाविष्ट झाले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नुसार १ जुलै २००२ पासून न्यायालये वाद मध्यस्थीकडे पाठवू शकतात (पहा : लोकअदालत).

न्यायालयसंलग्न मध्यस्थीत मध्यस्थाचे मानधन पक्षकारांकडून घेतले जात नाही. रायगड जिल्ह्याच्या पेण व रोहे तालुक्यांतील पक्षकारांना, उदाहरणार्थ, वकिलाची फी, दस्तऐवज, प्रवास आणि बुडालेली मजुरी एवढा भार उरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला, जावे लागल्यास शेवटच्या दोन बाबी वाढतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खाजगी मध्यस्थ बैठकीगणिक किंवा ठोक फी घेतात. वेगळा करार नसल्यास ती दोघांनी सारखी वाटून घ्यावी, अशी तरतूद मध्यस्थता अधिनियम, २०२३ मध्ये आहे. दोन स्वतंत्र वकिलांमार्फत वाटाघाटी केल्यास दोन फी पडतात. गावकीची बैठक वरकरणी स्वस्त. मात्र तिचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याची जागा घेत नाही, आणि दंड वा वाळीत टाकणे महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम, २०१६ खाली गुन्हा ठरू शकते. कातकरी, ठाकूर या अनुसूचित जमातींना १९५५ चा अधिनियम सामान्यतः लागू नाही. तेथे रूढी चालते (पहा : काडीमोड).

कलम १३-ब खालील पहिल्या व दुसऱ्या अर्जांमधील सहा महिन्यांचा काळ न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. पूर्ण तडजोड ही त्यासाठी विचारात घेतली जाणारी बाब असल्याने यशस्वी मध्यस्थीमुळे खेपाही कमी होऊ शकतात.