शिशाच्या खाणी आणि गवताची मुळे

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील कार्डिगनशायर या परगण्यात, म्हणजे आजच्या केरेडिगियनमध्ये, खाणकामाची परंपरा कांस्ययुगाइतकी जुनी आहे. कुमिस्टविथजवळच्या डोंगरावर त्या काळातील तांब्याच्या खाणीचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. सतराव्या शतकात ह्यू मिडल्टन याने येथील खाणी भाडेपट्ट्याने घेतल्या. शिशाच्या धातुकात चांदीचा अंश एवढा होता की १६३७ मध्ये अ‍ॅबरिस्टविथच्या किल्ल्यात टांकसाळच उघडण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा धंदा शिखरावर होता, आणि शतक संपता संपता परदेशातून येणाऱ्या स्वस्त शिशामुळे एकामागून एक खाणी बंद पडत गेल्या.

खाणी बंद झाल्या तरी त्यांचे ढिगारे जागच्या जागी राहिले. धातुक फोडून आणि पाण्याने धुऊन उरलेली रेताड खडी दऱ्यांच्या उतारांवर ओतली जात असे, आणि तिचा बारीक गाळ ऱ्हायडॉल व इस्टविथ या नद्यांतून खालच्या कुरणांत पसरे. नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८७४ च्या अहवालात खाणींमुळे होणाऱ्या या हानीची नोंद घेतली, तर १९२० च्या दशकात कॅथलीन कार्पेंटर यांनी या नद्यांतील जीवसृष्टीवर शिशाचा काय परिणाम झाला याचा अभ्यास केला. ढिगाऱ्यांच्या उघडेपणाचे कारण मात्र सर्वसाधारणपणे एका शब्दात सांगितले जाई, ते म्हणजे विष. हे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. कारण हे ढिगारे नत्र-स्फुरदाच्या बाबतीत दरिद्री असतात; शिवाय भरड खडीचे आणि सेंद्रिय अंश जवळजवळ नसलेले असल्याने त्यांवर पडलेले पाणी टिकत नाही, आणि पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशातही तेथे उगवलेल्या रोपाला उन्हाळ्यात पाण्याचा ताण सोसावा लागतो.

शिसे, जस्त, तांबे यांसारख्या जड धातूंचा पहिला आघात मुळाच्या टोकावर होतो. टोकाशी असलेल्या वर्धनशील भागात पेशींचे विभाजन आणि लांब होणे मंदावते किंवा थांबते. मूळ आखूड, जाड आणि तपकिरी होते, आणि पाणी शोषून घेणारे सूक्ष्म तंतू, म्हणजे मूलरोम, कमी फुटतात. एरवी पाणी कमी पडले की अनेक वनस्पती पानांची वाढ आवरून मुळे खोल धाडतात आणि ओल शोधतात. पण टोकच खुंटलेल्या मुळाला ही वाट बंद असते. ढिगाऱ्यावरचे रोप विषाने मेले की तहानेने, हा प्रश्न त्यामुळे बहुधा निरर्थक ठरतो.

तरीही काही ढिगाऱ्यांवर गवताची तुरळक बेटे दिसत, आणि पुढचा इतिहास त्यांनीच घडवला. तांब्याच्या खाणीवरील वनस्पती तांबे अधिक सोसतात, हे चेकोस्लोव्हाकियातील सिल्व्हेस्टर प्राट यांनी १९३४ मध्येच दाखवले होते. वेल्समध्ये अँथनी ब्रॅडशॉ यांनी गोगिनान येथील शिशाच्या खाणीवरचे अ‍ॅग्रॉस्टिस टेनुइस हे गवत आणि त्याच जातीचे साध्या कुरणातले गवत यांची तुलना केली. खाणीच्या मातीत कुरणातले गवत टिकले नाही, खाणीवरचे मात्र वाढले. हा निष्कर्ष १९५२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ही सोशिकता मोजायची कशी, याचे उत्तर डी. ए. विल्किन्स यांनी १९५७ मध्ये दिले: गवताचे फुटवे कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात मुळे फुटण्यासाठी ठेवायचे, त्यांपैकी काहींच्या द्रावणात धातूचा क्षार मिसळायचा, आणि धातूसह वाढलेल्या मुळाच्या लांबीला धातूविना वाढलेल्या मुळाच्या लांबीने भागायचे. येणारा भागाकार म्हणजे सोशिकतेचा निर्देशांक. काचेची भांडी आणि मोजपट्टी एवढ्यावर उभी राहिलेली ही पद्धत पुढे अनेक दशके प्रयोगशाळांत वापरली गेली, आणि तिच्या आधारेच हे सिद्ध झाले की साध्या कुरणातल्या बियांतही सोशिक रोपे हजारांत एखादे या प्रमाणात आधीपासूनच असतात व विषारी ढिगारा फक्त त्यांची निवड करतो. एका धातूला सोसणारे गवत दुसऱ्यालाही सोसेल असे मात्र सहसा नसते.

सोशिक मूळ धातूला बाहेर ठेवत नाही, ते त्याला अडकवून ठेवते. मुळातील जस्ताचा मोठा वाटा पेशीभित्तीत बांधला जातो, हे आर. जी. टर्नर यांनी १९७० च्या सुमारास दाखवले. पेशीच्या आत धातूला जखडणाऱ्या फायटोकिलेटिन या लहान पेप्टाइडांचा शोध १९८५ चा आहे.

या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती ओसाड जमिनी पुन्हा हिरव्या करण्याच्या कामात. १९६१ मध्ये स्वान्झी नदीखोऱ्याच्या खालच्या भागात, जेथे शतकाहून अधिक काळ तांबे वितळवले जात होते, पुनर्वसनाचा अभ्यास सुरू झाला आणि तेथे सोशिक गवतांच्या चाचण्या घेण्यात आल्या. धातूच्या ढिगाऱ्यावर मातीचा किंवा सेंद्रिय खताचा पातळ थर देऊन साधे गवत पेरले की पहिल्या वर्षी समाधानकारक हिरवळ दिसे, परंतु मुळे थराच्या सीमेपाशीच अडत आणि पुढच्या कोरड्या हंगामात ती हिरवळ करपून जाई. सोशिक गवताची मुळे त्या सीमेपलीकडे उतरत असल्याने त्यांना खालची ओल मिळे. खर्चाचा विचार करता मातीचा जाड थर पसरण्यापेक्षा हा मार्ग साहजिकच सरस होता.

१९७० च्या दशकात ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून अशा गवतांची वाणे बाजारात आली: आम्लयुक्त शिसे-जस्ताच्या ढिगाऱ्यांसाठी ‘गोगिनान’, चुनखडीयुक्त ढिगाऱ्यांसाठी फेस्क्यू गवताचे ‘मर्लिन’, आणि अँगल्सी बेटावरील तांब्याच्या डोंगराचे नाव घेतलेले ‘पॅरिस’. तीनही वाणांना खताची जोड अनिवार्य होती, कारण सोशिकता धातूची होती, उपासमारीची नव्हे. शिवाय हे गवत ढिगाऱ्याचा पृष्ठभाग धरून ठेवते, धूळ आणि धूप रोखते, एवढेच. जुन्या बोगद्यांतून झिरपणारे जस्तमिश्रित पाणी त्याच्या मुळांच्या आवाक्याखालून वाहत ऱ्हायडॉलला मिळत राहते.