मुखवटा कुणाचा, नाव कुणाचं?

मागच्या खेपेला आपण जॉन लॉकच्या मालमत्ता-विचारापाशी थांबलो होतो. आज तोच धागा जरा वेगळ्या ठिकाणी न्यायचा आहे, ऑनलाइन खेळांत. आमच्या पिढीला हे खेळ म्हणजे पोरांचे रिकामे उद्योग वाटतात. आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी 'मड' नावाचा खेळ रचला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. पण अनेकजण एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरू लागले, प्रत्येकजण आपलं एक सोंग घेऊन. पुढे 1999 मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला आणि लोक आपली पात्रं, त्यांची शस्त्रं खऱ्या पैशांना विकू लागले. कंपनीनं मनाई केली. पात्र आमचं, तुम्हाला फक्त वापरायला दिलंय, असा तिचा युक्तिवाद.

आता बीजिंगचा खटला पाहू. आपल्या विषयाचे दोन्ही प्रश्न त्यात एकत्र आलेत. 'हाँग युए', म्हणजे लाल चंद्र, या खेळात एका चोवीस वर्षांच्या तरुणानं दोन वर्षं आणि सुमारे दहा हजार युआन घालून शस्त्रसंभार जमवला होता. 2003 च्या फेब्रुवारीत तो कुणीतरी लांबवला. तरुण कंपनीकडे गेला. माल कोणत्या खेळाडूकडे गेलाय हे कंपनीला कळलं होतं, पण नाव सांगायला तिनं नकार दिला. खेळाडूची खासगी माहिती आम्ही देत नाही! पोलिसांनीही हात वर केले. मग तो चाओयांग जिल्हा न्यायालयात गेला. तिथे कंपनी म्हणाली, ही शस्त्रं म्हणजे नुसते आकड्यांचे ढीग, खेळाबाहेर त्यांना किंमत नाही. डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयानं निकाल दिला: कंपनीच्या यंत्रणेत भोकं होती, म्हणून ती जबाबदार, गेलेल्या वस्तू परत द्या.

गंमत बघा, चोराचा मुखवटा कंपनीनं जपला आणि ज्याचं लुटलं गेलं त्याला सांगितलं की तुझं काही नव्हतंच. पण म्हणून नाव न देणं चूक होतं का? आम्हाला नाही वाटत. नाव मागायचा अधिकार न्यायालयाचा, चिडलेल्या माणसाचा नव्हे. चूक दुसऱ्या अर्ध्यात होती.

लॉक म्हणेल, श्रम मिसळले की वस्तू तुमची. पण त्याची जमीन मुळात सगळ्यांची होती; इथे जमीनच कंपनीची. तेव्हा हा प्रश्न लॉकपेक्षा कुळाचा आहे. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपल्याला ठाऊक आहे, आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिनही. 2012 च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं या दिशेनं एक पाऊल टाकलं. तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, चाकूचा धाक दाखवून दोघा मुलांनी 'रूनस्केप' खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात घेतला होता. मालक कंपनी आहे, मग चोरी कुठली, असा बचाव झाला. न्यायालयानं तो मानला नाही. त्या मुलानं वेळ आणि कष्ट घातले होते, ताबा त्याचा होता. चोरी ती चोरीच. अर्थात कंपनीनंच खातं बंद केलं तर काय, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

आणि नाव? 6 जुलै 2010 रोजी ब्लिझार्ड कंपनीनं जाहीर केलं की तिच्या चर्चामंचांवर यापुढे खेळाडूंना खऱ्या नावानं लिहावं लागेल. शिवीगाळ थांबावी हा हेतू. विश्वास बसावा म्हणून तिच्या एका कर्मचाऱ्यानं स्वतःचं नाव लिहिलं; थोड्याच वेळात लोकांनी त्याचा फोन आणि पत्ता शोधून काढला. तीन दिवसांत, 9 जुलैला, बेत मागे घेतला गेला. विरोध करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. खेळात पुरुषपात्राच्या आड निर्धास्त वावरणाऱ्या बाईला खऱ्या नावाची किंमत वेगळी पडते, हे ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

'पर्सन' हा शब्द लॅटिन 'पर्सोना'वरून आला, म्हणजे नटाचा मुखवटा. हॉब्जनं 'लेव्हायथन'च्या सोळाव्या प्रकरणात इथूनच सुरुवात केली आहे. कर्ता कोण आणि त्याच्या वतीनं बोलणारा कोण, हा त्याचा प्रश्न. पुढच्या वेळी आपण ते प्रकरण वाचायला घेऊ. जमल्यास वाचून या.