वसईच्या मोहिमेतील बातमीपत्रे : एक ऐतिहासिक अभ्यास (१७३७-१७३९)

प्रस्तावना :
वसईचा विजय हा मराठ्यांच्या इतिहासातील देदीप्यमान प्रसंग मानला जातो. मात्र हा विजय कसा घडत गेला, हे छावणीतून रवाना झालेल्या पत्रांवरूनच कळते. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदपत्रांत व द. ब. पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेल्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारात ही सामग्री उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात या पत्रांचे साधन म्हणून मूल्य तपासले आहे.

पत्रांचे स्वरूप :
मार्च १७३७ मध्ये ठाणे व साष्टी मराठ्यांच्या हाती आली. वसईने मात्र दोन वर्षे दाद दिली नाही. १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर पडले. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्यानंतर चिमाजी आप्पांनी वसईचा वेढा आवळला. मोडी लिपीतील ही पत्रे जासूद घेऊन जात. मोर्चे कोठवर सरकले, सुरुंग कोठे पोहोचले, कोण जखमी झाले, अशा तपशिलांबरोबर दारूगोळ्याची व पैशाची निकड त्यांत मांडलेली असे. त्याच सुमारास, मार्च १७३९ मध्ये, नादिरशहाने दिल्ली ताब्यात घेतली. बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती. ती वसईपुढे गुंतलेली होती. त्यामुळे वेढ्याची प्रत्येक बातमी केवळ कोकणापुरती मर्यादित राहिली नव्हती.

कालगणनेचा प्रश्न :
मराठी पत्रांत शुहूर सन व चंद्रतारीख असते. पोर्तुगीज नवी गणना वापरीत, तर मुंबईकर इंग्रज १७५२ पर्यंत जुनी. या दोहोंत ११ दिवसांचे अंतर पडते. म्हणूनच शरणागतीचा करार कोठे ५ मे, तर कोठे १६ मे १७३९ असा आढळतो. वस्तुतः दिवस एकच आहे.

मर्यादा :
बातमी लिहिणारा स्वतः लढणाऱ्या पक्षाचा असल्याने शत्रूची हानी वाढवून सांगण्याचा मोह संभवतो. तथापि ग्रँट डफच्या मते मराठ्यांनी स्वतःचे मृत व जखमी मिळून ५००० हून अधिक मानले. पोर्तुगीजांची हानी सुमारे ८०० होती. विजयी पक्षाने स्वतःचे एवढे मोठे नुकसान कबूल करावे, ही बाब या पत्रांची विश्वसनीयता वाढविते. परंतु सामान्य सैनिक बहुधा आकड्यांतच उरतो. तटाच्या आत अडकलेल्या रहिवाशांचा आवाज तर या पत्रांतून जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यासाठी पोर्तुगीज कागदपत्रांचा आधार घेणे क्रमप्राप्त ठरते.

निष्कर्ष :
बखरींतील विजयवर्णन घटना घडून गेल्यावर रचलेले असते. छावणीतील पत्र लिहिताना निकाल अज्ञात असतो. या अनिश्चिततेतच त्याचे खरे मोल आहे. वसईच्या किल्ल्याकडे केवळ विजयाचे स्मारक म्हणून न पाहता दोन्ही बाजूंनी मोजलेल्या किमतीची साक्ष म्हणून पाहण्याची दृष्टी ही पत्रे देतात.