लूनाला पेडल कशासाठी?

मागच्या सुट्टीत माझा मुलगा जुना अल्बम चाळत होता. त्यात आईचा नाशिकमधला फोटो निघाला, लूनावरून बँकेत निघालेली. पठ्ठ्या विचारतो, "आजीच्या स्कूटरला सायकलचे पेडल का?" मी ठोकून दिलं, इंजिन छोटं होतं ना, चढावर मदत म्हणून. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. ताळेबंद जुळला नाही की मला झोप लागत नाही. वाचायला बसले आणि थेट १८८५ सालात पोचले.

त्या वर्षी जर्मनीत गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीत २६४ सीसीचं इंजिन बसवलं. ताकद जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं, आपण मुलांच्या पहिल्या सायकलला लावतो तशी. स्पार्क प्लग नव्हता. बर्नरने लालभडक तापवलेली नळी पेट्रोलची वाफ पेटवायची, तीही बसणाऱ्याच्या खाली!

मग १८९४ मध्ये म्युनिकची हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर ही गाडी आली. विक्रीसाठी ओळीने बनवलेली पहिली मोटरसायकल हीच. इंजिन तब्बल १४८९ सीसीचं, आजच्या कितीतरी मोटारींपेक्षा मोठं. पण रचना आगगाडीच्या इंजिनासारखी, पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले. पिस्टन परत यायला मदत म्हणून रबरी पट्टे. आणि क्लच नाही, पेडलही नाही.

इथे माझी ट्यूब पेटली. पेट्रोलचं इंजिन आपणहून सुरू होत नाही. आधी कुणीतरी ते फिरवावं लागतं, म्हणजे हवा-पेट्रोल आत ओढलं जातं, दाबलं जातं, मग पेटतं. या गाडीत चाक आणि इंजिन एकच, म्हणून गाडी ढकलत पळायचं आणि सुरू झाली की उडी मारून बसायचं. थांबली की पुन्हा तेच. किंमतही जास्त. असा धंदा कितीसा टिकणार?

पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी साधा मार्ग धरला, सायकलच घेतली आणि पेडल ठेवले. १८९७ मध्ये त्यांनी इंजिन पुढच्या चाकावर बसवलं, तर वजन वर गेलं आणि गाडी घसरायची. १९०१ मध्ये ते खाली, पेडलांपाशी आणलं. मोटरसायकलचं इंजिन आजही साधारण तिथेच असतं.

लूना त्याच घराण्यातली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या 'चाओ'वरून ती आणली, ५० सीसीची. स्टँडवर लावायची, पेडल मारायचे, इंजिनाने धरलं की निघायचं. क्लच आपोआप चालणारा, वेग वाढला की पकडणारा, कमी झाला की सोडणारा. म्हणून सिग्नलला थांबलं तरी इंजिन बंद पडायचं नाही. म्युनिकवाल्यांकडे नेमकं हेच नव्हतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर हे सगळं आईला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नातवाला म्हणाली, "अरे, पेट्रोल संपलं की बाकीचे स्कूटर ढकलत यायचे. मी पेडल मारत घरी यायचे."

तुमच्या घरी कुणाकडे होती लूना? फोटो असेल तर टाका ना. आमच्याकडे तो एकच आहे, आणि त्यात पेडल अर्धे साडीआड गेलेत.