वाईत घडलेली थंडाव्याची परिभाषा

१/ ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण पेव म्हणजे काय? साठवणीसाठी जमिनीत खोदलेले भुयारी कोठार. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णाकाठच्या मातीत, अशा पेवांत हळद वर्षानुवर्षे राखली जाई. तोंड बुजवले की आत हवा खेळत नाही, आणि हवेवाचून कीड जगत नाही. तंत्र इथले, शब्दही इथलाच.

२/ यंत्र मात्र शब्दासकट बाहेरून आले. १९०२ साली विलिस कॅरियर याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली. दमटपणामुळे कागद फुगे आणि रंगांची छपाई सरके. १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव रूढ केले. दोघांचाही मूळ प्रश्न गारव्याचा नव्हता, ओलाव्याचा होता.

३/ १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथला, कर्मभूमी कराड. त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. अध्यक्षपदी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. पुढे मराठी विश्वकोशाचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली वाईतूनच चालले. पहिला खंड १९७६ साली निघाला.

४/ विश्वकोशात यंत्रविद्या मराठीत सांगायची, तर आधी परिभाषा हवी. तिचा नमुना पाहा. प्रशीतक म्हणजे उष्णता वाहून नेणारा पदार्थ. संपीडक त्याची वाफ दाबतो; संघनकात ती उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होते; तोच द्रव पुन्हा वाफ होताना खोलीतील उष्णता शोषतो. ही सारी क्रिया म्हणजे प्रशीतन. ‘वातानुकूलन’ हा शब्द तर फारच नेमका: हवा केवळ गार करणे नव्हे, तर तापमान, आर्द्रता, शुद्धता आणि अभिसरण या चारही अंगांनी ती अनुकूल करणे. कॅरियरचा मूळ प्रश्न या शब्दात शाबूत आहे.

५/ यांतले रुजले काय? ‘वातानुकूलित’ रेल्वेच्या डब्यावर आणि नाट्यगृहाच्या पाटीवर बसला. ‘शीतगृह’ सरकारी कागदांत स्थिरावला. पण तासगावचा बागाईतदार बेदाणा ‘कोल्ड स्टोरेज’लाच लावतो आणि दुरुस्ती करणारा कारागीर ‘काँप्रेसर’च उघडतो, ‘गॅस’च भरतो. पाटी आणि ग्रंथ यांपर्यंत परिभाषा पोहोचली. हे यंत्र मराठीतून शिकवणारी कार्यशाळा तिला क्वचितच लाभली.

६/ २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि ती परंपरा खचली. तरी ‘पेव’ हा शब्द जिवंत आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो हाताळणाऱ्यांच्या तोंडी होता. वाईच्या पंडितांनी शब्द घडवण्यात कसूर केली नाही. ते वापरून शिकवण्याचे काम मात्र पुढच्यांचे होते, आणि ते आजही आपल्यासमोर आहे.