भविष्यनगरीची वास्तू आणि तिचा धनी : टोकियोचा अनुभव (१९६०–२०२२)

१

आधुनिक नगराने भविष्यवेधी वास्तुरचनेचा अंगीकार करावा की नाही, हा वाद बहुधा सौंदर्यदृष्टीच्या भूमिकेवरून घातला जातो. यंत्रयुगाला यंत्राचेच रूप शोभते, असे एक पक्ष म्हणतो. अशा नगरात माणूस परका होईल, असे दुसरा म्हणतो. 'ब्लेड रनर' हा रिडली स्कॉट यांचा चित्रपट (१९८२) आणि विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी (१९८४) यांच्यापासून 'सायबरपंक' या नावाने जो प्रवाह रूढ झाला, त्याने या वादाला नवी धार आणली. निऑनचे फलक, गगनभेदी मनोरे आणि त्यांच्या पायथ्याशी दाटलेली वस्ती हे त्यातील नगराचे परिचित चित्र होय.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडता येतो. भविष्याचे नगर बांधण्याचा प्रयत्न जेथे खरोखर झाला, तेथे त्याची परिणती काय झाली? या दृष्टीने टोकियोचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. तेथील वास्तूंचे यशापयश त्यांच्या रूपापेक्षा, त्या बदलण्याचा अधिकार व भार कोणाकडे होता यावर अवलंबून राहिले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

१९२३ चा भूकंप आणि १९४५ चे हवाई हल्ले अशा दोन आघातांत टोकियोचा फार मोठा भाग जळून गेला. युद्धोत्तर पुनर्रचनेची योजना भव्य होती. परंतु १९४९ नंतरच्या काटकसरीच्या धोरणामुळे तिचा फारच थोडा अंश प्रत्यक्षात आला. जुन्या अरुंद गल्ल्या आणि जमिनीचे लहान लहान तुकडे बव्हंशी तसेच राहिले. लोकसंख्या मात्र झपाट्याने वाढत होती. १९६२ मध्ये ती १ कोटीच्या पुढे गेली.

अशा परिस्थितीत मे १९६० मध्ये टोकियो येथे जागतिक अभिकल्प परिषद भरली. त्या निमित्ताने कियोनोरी किकुताके, किशो कुरोकावा, फुमिहिको माकी व मासातो ओताका हे वास्तुविशारद आणि समीक्षक नोबोरू कावाझोए यांनी 'मेटॅबोलिझम' या नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. मेटॅबोलिझम म्हणजे चयापचय. या अर्थी जपानीत 'शिन्चिन्ताइशा' असा शब्द असून, जुने जाऊन त्या जागी नवे येणे असाही त्याचा भाव आहे. नगर हे सजीव शरीराप्रमाणे असावे. त्याचा सांगाडा दीर्घकाळ टिकावा आणि त्यावरील पेशी कालपरत्वे बदलत जाव्यात, असा या मंडळींचा सिद्धान्त होता.

त्यांचे मार्गदर्शक केन्झो तान्गे यांनी १९६१ च्या प्रारंभी टोकियोची आपली योजना लोकांपुढे ठेवली. तीत शहराच्या मध्यापासून उपसागर ओलांडून पलीकडील किनाऱ्यापर्यंत जाणारा वाहतुकीचा कणा आणि त्याला जोडलेली पाण्यावरील वस्ती कल्पिलेली होती. किकुताके यांनी तर १९५८ मध्येच 'सागरनगरा'चा आराखडा केला होता. ही नगरे समुद्रात का? यामागे केवळ कल्पनेची भरारी होती असे मानणे पुरेसे नाही. जमिनीवर असंख्य लहान मालक होते, समुद्रावर नव्हते. अर्थात समुद्रही अगदीच निर्धनी नव्हता. उपसागरातील टोकियोच्या कोळ्यांचे मासेमारीचे हक्क १९६२ मध्ये मोबदला देऊन संपुष्टात आणले गेले. भविष्याच्या आराखड्याखाली कोणाची तरी उपजीविका असते, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही.

३

या सिद्धान्ताची सर्वांत प्रसिद्ध कसोटी म्हणजे कुरोकावा यांनी गिन्झा भागात उभारलेला नाकागिन कॅप्सूल टॉवर (१९७२). दोन काँक्रीटचे मनोरे आणि त्यांना बोल्टांनी जखडलेल्या १४० पोलादी कॅप्सूल, अशी त्याची रचना होती. प्रत्येक कॅप्सूल कारखान्यात तयार करून वाहनाने आणलेली. तिला एक वाटोळी खिडकी आणि आत पलंग, मेज व स्नानगृह. सुमारे २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढावी व नवी बसवावी, अशी अपेक्षा होती.

पन्नास वर्षांत एकही कॅप्सूल बदलली गेली नाही. याचे एक कारण तांत्रिक होते. दोन कॅप्सूलमधील अंतर इतके थोडे होते की, खालची काढावयाची तर तिच्या वरच्या आधी उतरविणे भाग पडे. याहून महत्त्वाचे कारण विधिविषयक होते. कॅप्सूल निरनिराळ्या व्यक्तींना विकलेल्या होत्या. म्हणजे बदलाचा घटक एक कॅप्सूल, मालकीचा घटकही एक कॅप्सूल. परंतु बदल घडविण्यास मात्र सर्वांची एकत्रित संमती व एकत्रित पैसा हवा. तो जमेना. गळती सुरू झाली, ॲस्बेस्टॉसचा प्रश्न पुढे आला. १९८३ च्या सुधारणेनंतर जपानी कायद्याप्रमाणे अशा सामाईक इमारतीच्या पुनर्बांधणीस चार-पंचमांश बहुमत लागत असे. २००७ मध्ये संघटनेने पाडण्याच्या बाजूने ठराव केला; त्याच वर्षी कुरोकावा निवर्तले. आर्थिक मंदीमुळे ते काम रखडले आणि अखेर एप्रिल २०२२ मध्ये इमारत उतरविण्यास प्रारंभ झाला. वाचविलेल्या २३ कॅप्सूलपैकी काही आज संग्रहालयांत आहेत. बदलत राहण्यासाठी निर्माण केलेली वस्तू न बदलता जतन व्हावी, हा विपर्यास बोलका आहे.

४

यावरून भविष्यवेधी रचनाच मुळात असाध्य होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच पंथातील माकी यांचे दाइकान्यामा येथील 'हिलसाइड टेरेस' हे संकुल १९६९ पासून १९९२ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत गेले. तेथे जमीन एका आसाकुरा कुटुंबाची होती आणि वास्तुविशारदही एकच होता. रूप साधे, बदल खरा.

याहून जुना दाखला इसे येथील देवस्थानाचा. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील मंदिरे ठराविक काळाने शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधली जातात. २०१३ मध्ये हे नवीकरण ६२ व्या वेळी झाले. चयापचयवाद्यांना हा आदर्श परिचित होता. तान्गे आणि कावाझोए यांनी इसेवर ग्रंथही लिहिला. परंतु लाकूड, सुतार, निधी आणि जागा यांची परंपरेने लावून दिलेली व्यवस्था हेच इसेचे खरे बळ होय. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत ही व्यवस्था मोडली, तेव्हा नवीकरणातही शंभराहून अधिक वर्षांचा खंड पडला. रूप तेच होते, संस्था नव्हती.

आणि ज्या निऑन-नगराची मोहिनी सायबरपंकने जगाला घातली, ते पुष्कळ अंशी कोणत्याच वास्तुविशारदाने आखलेले नव्हते. स्थानकांभोवतीच्या अरुंद भूखंडांवर उंच गेलेल्या इमारती, मजल्यागणिक निराळे दुकान वा मद्यगृह आणि प्रत्येकाचा उभा फलक, हे दृश्य जमिनीच्या त्याच तुकड्यांतून उपजले, ज्यांना टाळण्यासाठी तान्गे समुद्राकडे वळले होते. तेथे एक दुकान उठते, दुसरे येते, फलक बदलतो. कोणाच्या बहुमताची गरज पडत नाही. चयापचय घडला तो येथे.

५

या विचाराचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पेरूमधील लिमा येथे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी वाढत्या घरांची जी प्रायोगिक वसाहत १९६९ च्या सुमारास योजली गेली, तीसाठी किकुताके, कुरोकावा व माकी यांच्याबरोबर मुंबईचे चार्ल्स कोरिया यांनाही पाचारण झाले होते. पुढे कोरियांनी नवी मुंबईत बेलापूर येथे १९८० नंतरच्या दशकात वसाहत बांधली. तीत घराघरांत सामाईक भिंत ठेवली नाही; शेजाऱ्याच्या संमतीवाचून प्रत्येकाला आपले घर वाढविता यावे हा हेतू. आज तेथील अनेक घरे मूळ रूपात ओळखू येत नाहीत. याला कोणी वास्तूची हानी म्हणेल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्या सिद्धान्ताचा विजय होय.

तेव्हा नगराने भविष्याचे रूप स्वीकारावे काय, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : हे रूप जुने झाल्यावर ते बदलण्याचा अधिकार कोणाचा, खर्च कोणाचा, आणि तोवर त्यात राहणाऱ्यांचे काय? याचे उत्तर ज्या योजनेत आहे, तिचे रूप कितीही धाडसी असले तरी भय नाही. ज्या योजनेत ते नाही, तिची भविष्यनगरी पन्नास वर्षांत पुराणवस्तू होते, आणि तीही आत राहणाऱ्यांच्या डोक्यावर गळत गळत.